भिंतीकडे तोंड केलेला राउटर

श्यामसुंदरकाका आमच्या समोरच्या दारात राहतात. विक्रोळीच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली. निवृत्त झाले, पण हातांना चैन नाही. त्यांच्या घरचा राउटर ठणठणीत असताना कंपनीने त्याचे अपडेट बंद केले, तेव्हा काका असे खवळले की विचारू नका. "चालतं मशीन भंगारात काढायचं? का म्हणून?" मग डिक्शनरी शेजारी ठेवून ते महिनोन्‌महिने इंग्रजी फोरम वाचत बसले आणि कुणीही फुकट घ्यावं, उघडून तपासावं, असं खुलं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतला प्रोग्राम, राउटरमध्ये टाकायला शिकले. आता भांडुपमधल्या आमच्या बिल्डिंगचे निम्मे राउटर त्यांच्या हाताखालून गेलेत. नवा घेणाऱ्याला त्यांचं एकच सांगणं असतं, "नुसतं मॉडेल बघू नको, बाजूचं व्हर्जन बघ. नाव तेच असतं, आतला माल वेगळा."

आणि हाच माणूस माझ्याच राउटरच्या बाबतीत चुकला.

माझ्या ऑफिसने फर्मान काढलं होतं. जुनं फर्मवेअर असलेल्या राउटरवरून घरून काम बंद, सोमवारी दहाला तपासणी. नवा राउटर आणावा, तर त्याची नोंदणी आणि मंजुरी यात महिना जाणार, आणि तोवर रोज अंधेरीला हजेरी. माझ्या सासूबाई, शेवंती, अर्धांगवायूने दीड वर्ष अंथरुणावर. नवरा सिद्धेश बोटीवर. मी दिवसभर बाहेर राहिले तर आईंना कुशीवर कोण वळवणार, पाणी कोण पाजणार?

रविवारी अकरा वाजता काका लॅपटॉप आणि केबल घेऊन आले. आमचा राउटर खिळ्याला उलटा टांगलेला. लुकलुकणाऱ्या दिव्यांनी आईंना झोप येत नाही, म्हणून सिद्धेशने दिवे भिंतीकडे फिरवले होते. त्यामुळे लेबल समोर. खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक मशीनला कुंकू लावायची काकांची सवय अजून गेलेली नाही. दरवर्षी ते तबक घेऊन अख्ख्या मजल्यावर फिरतात, मिक्सर, शिलाई मशीन, राउटर, काही सोडत नाहीत.

"हेच मॉडेल माझ्याकडे आहे," म्हणत काकांनी राउटर काढून दिवे वर करून आईंच्या उशाशी स्टुलावर ठेवला आणि फाइल टाकली. राउटरने ती गप गिळली आणि सगळे दिवे विझले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी काही नाही.

"काका, वाट लागली ना माझी!" मी ओरडलेच. वडिलांच्या वयाच्या माणसावर असं ओरडू नये, पण ओरडले.

काकांनी राउटर उजेडात धरला. मॉडेलच्या नावापुढे कुंकवाचा भलामोठा ठिपका वाळून बसला होता. त्यांनी खोबरेल तेलाचा बोळा हलक्या हाताने फिरवला. खालून चारचा आकडा निघाला. काकांच्या घरचं व्हर्जन दोन.

"चूक माझी आहे, गो," ते म्हणाले. "लोकांना शिकवतो आणि स्वतः लेबल वाचलं नाही. कुंकूसुद्धा मीच लावलेलं."

काकांच्या तोंडून चूक हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझा राग तिथेच अर्धा उतरला.

पलंगावरून आई हळूच म्हणाल्या, "श्यामसुंदरा, घाई करू नको. चाय घे आधी."

चहा झाला. माझ्या मोबाइलच्या नेटवरून काकांनी व्हर्जन चारची फाइल उतरवली. मग त्यांनी केबल जोडली, रिसेटचं बटण टाचणीने दाबून धरलं आणि मला स्विच चालू करायला सांगितला. असं केलं की बंद पडलेला राउटरही काही क्षण लॅपटॉपकडे फाइल मागतो म्हणे. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा एक दिवा लागला, मग दुसरा. मी लगेच मोबाइल हातात घेतला.

तेवढ्यात पुन्हा धसका. मोबाइलवर वायफाय दिसेना!

"ह्यात ते आधी बंदच असतं, आपण चालू करायचं," काका म्हणाले आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

सोमवारी दहाला तपासणी झाली. दहा वाजून सात मिनिटांनी उत्तर आलं, मंजूर. मला रडूच आलं. सुटले एकदाची! धावत जाऊन काकांना सांगितलं, तर ते लॅपटॉप घेऊनच उठले. नव्या फर्मवेअरमधून राउटरचे दिवे बंद करता येतात. आता तो उलटा टांगायला नको, आईंना त्रासही नको.

काकांनी राउटर सरळ टांगला. हिरवे दिवे पलंगासमोर लुकलुकू लागले. ते बंद करायला काका खुर्चीवर बसले, तशा आई म्हणाल्या, "रवांदे रे ते."

"आई, तुम्हांला झोप येत नाही ना त्यांनी?" मी विचारलं.

"काल ते विझले, तेव्हा कळला माका. ते पेटलेले आसत, म्हणजे तू घरात आसस."

काकांनी लॅपटॉप मिटला. त्या दुपारी आई दिव्यांकडे तोंड करून गाढ झोपल्या.