वटपौर्णिमेचा शिळा मोगरा

माणिकबाईचे प्रश्न फुलांच्या पुड्या बांधता बांधता निघायचे. मान खाली, हात चालू, आणि आवाज असा की जणू शेजारणीनेच विचारून यायला सांगितलंय. दर रविवारी आणि दर पौर्णिमेला ती दर्यापूरच्या पहिल्या एसटीने अमरावतीला यायची आणि विहाराच्या फाटकाशी, कडुलिंबाखाली टोपली मांडून बसायची. माळ्याची लेक, माळ्याच्याच घरी दिलेली. पाऊण एकर मोगरा आणि शेवंती यातच जन्म गेला. विहारात पांढऱ्या फुलांना गिऱ्हाईक असतं, एवढंच ऐकून ती तीन वर्षांपूर्वी इथे आली होती. पण भोंग्यावरून कानावर पडून पडून पाचही शीलं तिला तोंडपाठ झाली. अर्थ मात्र एकाचाही ठाऊक नव्हता.

तो सांगायच्या तानुबाई. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. विहारात बायकांची वंदना त्याच घेत. त्या येताना "जय भीम" म्हणत, माणिकबाई "राम राम" म्हणे, आणि दोघींचंही त्यात काही अडत नसे.

जीव मारायचा नाही म्हणता, मग मोगऱ्यावरच्या अळीचं काय करायचं, हा पहिला प्रश्न. फवारलं तर पाप, नाही फवारलं तर कळी नाही. तानुबाईंनी तो प्रश्न घरी नेला आणि पुढच्या रविवारी सांगितलं की हौसेनं मारणं वेगळं आणि पोटापायी नाइलाजानं मारणं वेगळं, तरी फवारताना हात जरा आखडता ठेवावा. खोटं बोलायचं नाही, तर मग उन्हं चढल्यावरही "आत्ताच तोडले" म्हणून फुलं विकायची की नाही? यावर त्या नुसत्या हसल्या. आणि जगात दुःख आहे, हे कळल्यावर तर माणिकबाईने हातातली पुडी खाली ठेवली होती.

"सिस्टरबाई, हे समजायले आमाले एवढा मोठा गुरू लागते का?"

"पुढचं तं आयका. तुमी पयल्याच घासाले उठून जाता."

पुढचं ऐकायला सवड कुठे होती? साडेअकराची गाडी गाठायची असे. घरी नवरा होता, शालिकराम. चार वर्षांपूर्वी भर दुपारी बांधावर पडला तो उठलाच नाही. उजवं अंग गेलं, जीभ अर्धी गेली, डोकं तेवढं लख्ख राहिलं. तेव्हापासून दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं. रविवारी-पौर्णिमेला दुपारपर्यंत सून वर्षाली बघायची, एरवी सगळं माणिकबाईच. सलग झोप कशाला म्हणतात, हे विसरल्यालाही आता काळ लोटला होता.

ज्येष्ठातली पौर्णिमा आली. गल्लीतल्या बायकांची आदल्या दिवसापासून वडाची तयारी चाललेली. माणिकबाईनेही रिवाजाप्रमाणे सुताची गुंडी आणली, पिशवीत टाकली, आणि सकाळी पिशवीसकट एसटीत जाऊन बसली. गल्लीत राहिलं असतं तर वडावर जावं लागलं असतं.

त्या दिवशी टोपलीतला मोगरा शिळा होता. पहाटे कळ्या तोडायच्या वेळेला शालिकरामचं अंथरूण खराब झालं. ते काढणं, धुणं, त्याला आंघोळ घालणं यात उजाडलं, आणि आदल्या दिवशीचा उरलेला मोगरा ओल्या पोत्यात होता तोच तिने उचलला. गाडीत बसल्यावर तिला तानुबाईंचं गेल्या पौर्णिमेचं बोलणं आठवलं. बुद्धापुढे फूल ठेवायचं ते काही मागायला नाही. हे फूल जसं कोमेजणार तसंच आपलं शरीरही, हे ध्यानात राहावं म्हणून. माणिकबाईचा जीव भांड्यात पडला. म्हणजे शिळी फुलं चालतीलच, उलट जास्तच चालतील.

फाटकाशी पहिल्याच पोरीने कळी बोटात धरून पाहिली.

"मावशी, हे तं पिवये पडले."

"आज हेच पाह्यजे, बाई. तुमीच सांगता ना, फूल सुकते तसं शरीर? मी सुकवूनच आनले."

पोरगी आधी बघतच राहिली, मग पदर तोंडाला लावून हसली. तिने मागच्या दोघींना सांगितलं. त्यातली एक म्हणाली, "मंग अगरबत्ती बी जळेलच आनाव का मावशी?" चेष्टेत वाईट काही नव्हतं, पण फुलं कोणी घेतली नाहीत. माणिकबाई टोपलीवर ओलं फडकं टाकून बसून राहिली. आतून भोंग्यावर पहिलं, जीव न मारण्याचं शील आलं. तिचे ओठ सवयीने हलले आणि मध्येच थांबले.

वंदना आटोपून तानुबाई आल्या त्या टोपलीशेजारीच फरशीवर टेकल्या. गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली होतीच. फडकं बाजूला करून त्या सावकाश म्हणाल्या की सुकलेलं फूल पाहून काय समजणार? ताजं ठेवायचं, आणि संध्याकाळी पाहताना सकाळचं ध्यानात आणायचं. माणिकबाईने मान हलवली. सकाळचा शालिकराम तिने आठवून पाहिला. सायकलला दोन्हीकडे फुलांचे हारे लावून, उभ्याने पायडल मारत चढण चढणारा. चेहरा काही दिसेना, नुसती पाठ दिसली.

तानुबाईंना पिशवीतली सुताची गुंडी दिसली. वडावर गेला नाहीत का, असं त्यांनी सहज विचारलं. आणि इतके रविवार अडून राहिलेला प्रश्न निघाला.

"सिस्टरबाई, हातानं नाई मारलं, पन मनानं मागलं, तं पयलं शील तुटते का?"

"काय मागलं?"

"सावित्रीनं यमाच्या मागं जाऊन नवरा वापस आनला. मी रोज पहाटे त्या यमालेच बलावून राहिली. ये बापा, ने यायले. आता हेच तोंड घेऊन वडाले सात जलम कसे मागू?"

तानुबाई दवाखान्यातल्यासारखं विचारू लागल्या. कूस कितीदा बदलता? रात्री पण? पाठीवर जखम?

"एकबी नाई."

"चार वर्सं बिछान्यावर, आन् एक जखम नाई," तानुबाई म्हणाल्या. "वार्डात आमी इतक्या जनी असून आमाले नव्हतं जमत."

"मी ते नाई इचारलं."

"मले समजते तुमी काय इचारलं ते. मनात आलं तं येऊ द्या, त्याले कुरवाळू नका, काठीनं हाकलू बी नका. तुटते का नाई, ते मी कोन सांगनार? हे ज्यायच्याबद्दल हाय, त्यायले सांगतलं का कधी?"

माणिकबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू भलतंच काही ऐकलं.

निघताना तानुबाईंनी आणखी एक विचारलं, मालकांच्या हाताची मूठ वळून राहते का. वळते, नखं तळव्यात रुततात, माणिकबाई म्हणाली. मग मुठीत काहीतरी मऊ देत जा, असं सांगून त्या आत गेल्या. हो की नाही, एवढंच हवं होतं, तेही मिळालं नाही. न विकलेला मोगरा मांडीवर घेऊन ती घरी आली.

दुपारचे दोन वाजत आले होते. नवी साडी नेसून बसलेली वर्षाली तिला पाहताच वडावर पळाली. माणिकबाई खाटेपाशी खाली बसली. शालिकराम छताकडे बघत होता. तो छताकडे बघतोय तोवरच तिने सांगून टाकलं. रोज पहाटे काय मागते ते, सगळं.

त्याने मान वळवली. शब्द एकेक करून आले.

"मले वाटलं... मी एकटाच... मागून राह्यलो."

तिने मान वर केली.

"दोघायचं बी... आयकत नाई," तो म्हणाला. तोंडाची डावी बाजू वर गेली. "बहिरा... दिसते."

माणिकबाई हसली. हसताना पदर डोळ्यांना लावावा लागला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. मग तिने पिशवीतून सूत काढून दाखवलं. वडाले जाऊ का? सात जलम मागाचे असतेत.

"हा एक... पाह्य. बाकीचे सहा... सोडून दे."

तिने त्याच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडली. तळव्यात नखांच्या चार लाल खुणा होत्या. त्यात सुताची गुंडी ठेवली आणि बोटं परत मिटू दिली. टोचते का, विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

त्याला डाव्या कुशीवर वळवून, पाठीशी उशी लावून ती खाटेशेजारी जमिनीवर आडवी झाली. चार वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याच्यावर काही काम टाकलं.

"चार वाजले का मले आवाज देजा."

"हो," शालिकराम म्हणाला, आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागला.