वेबसाइटवरची पांढरी फुलं

मंडळी, कोपऱ्यावर मॉल झाल्यापासून सुलतान बाजारातलं आमचं ब्लाउजपीसचं दुकान थंडच आहे. म्हणून काल मी फुकटच्या तयार टेम्प्लेटवर वेबसाइट बनवली. मालकाच्या फोटोसाठी त्यात पांढऱ्या फुलांची गोल चौकट होती. मला आवडली. ह्यांचा फोटो लावला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना लिंक पाठवली.

आज दुपारी विद्यानगरच्या कुलकर्णी काकू आल्या. माझे हात धरून हळूच म्हणाल्या, “अगं, कसं झालं? फोटोला हार बघितला आणि तशीच निघाले.”

मागून हे म्हणाले, “बसा ना, काकू.”

काकू वळल्या नाहीत. माझ्या हातातली त्यांची बोटं गार पडली.

सगळं सांगितल्यावर त्या हसल्या, चहाही घेतला. पण ह्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. त्यानंतर हे संध्याकाळपर्यंत गल्ल्यावरून उठलेच नाहीत.

घरी येऊन मी वेबसाइटवरून ह्यांचा फोटो काढून टाकला. चौकट काही निघत नाही. शेजारी तशीच दुसरी आहे, काल माझं लक्षच गेलं नव्हतं. तिच्यात लिहिलंय, ‘तुमचा फोटो इथे लावा.’

ही कशी काढायची, कुणाला माहीत आहे का?