पुलाअलीकडचा लाल पी

मलेशियातल्या एका शाळेच्या कँटीनमध्ये एकवीस वर्षं भात रांधणाऱ्या रोहायूने बावन्नाव्या वर्षी गाडीचा परवाना काढला, आणि तोही नवऱ्यापासून चोरून. बहारिन पामच्या फळांची लॉरी चालवायचा. तो तेलगिरणीच्या फेऱ्यांवर गेला की ही शिकायला जायची. तीनदा नापास झाली, चौथ्यांदा पास. बायकोने स्टिअरिंग धरलं म्हटल्यावर तो गावभर दात काढत फिरला असता.

नव्या चालकाने दोन वर्षं गाडीला पुढेमागे इंग्रजी पी अक्षराचा लाल स्टिकर लावायचा असतो. आणि पी दिसला की बहारिनच्या अंगात यायचं. मागे चिकटायचा, अप्पर-डिप्पर मारायचा, तीन सुरांचा तो मेला भोंगा वाजवायचा. "पी म्हणजे पेरेम्पुआन," तो म्हणायचा, म्हणजे बाईमाणूस. "सरका बाई, चूल तिकडं आहे." शेजारच्या सीटवर बसून रोहायूही हसायची. गावाबाहेरचा अरुंद पूल ही त्याची लाडकी जागा. पुलाच्या अलीकडे घासून पुढे जायचं आणि झटकन डावीकडे घ्यायचं. पी-वाला घाबरून गटाराकडे सरकणारच.

दोन वर्षांपूर्वी एक पोरगी सरकली. रोहायूने वळून पाहिलं तर गाडी गटारात तिरकी.

"थांबा ना," ती म्हणाली.

"शिकेल," तो म्हणाला.

त्या दुपारी तिने त्याला नेहमीसारखं वाढलं. पण त्यानंतर त्या सीटवर बसणं तिला नको झालं. स्वतःची लाज वाटायला आपल्याला फार उशीर झाला, हे तिला कळत होतं.

सासूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने ठरवलं, ओपाला आपणच घरी आणायचं. आजीला ओपा म्हणतात, म्हणून सासूला सगळा गावच ओपा म्हणायचा. शहरात राहणाऱ्या लेक नोरलैलाने गेल्याच आठवड्यात एक जुनी छोटी गाडी घेतली होती. बहारिनने ती पाहिलीही नव्हती. त्याला वाटत होतं, सासू-सुना टॅक्सीने येतील. गाडी दारात लावायची आणि मगच त्याला सांगायचं, असा रोहायूचा बेत होता.

इस्पितळाच्या दारात साबणाच्या पाण्याने तिने पुढच्या-मागच्या काचांना पी चिकटवले.

"आई, काढून टाक ते," नोरलैला म्हणाली. "पी दिसला की लोक अंगावर येतात. सगळेच काढतात."

"सगळे चोऱ्या करतील. मी लावणार."

"माझ्या लग्नातसुद्धा मी एवढी मिरवले नव्हते," ओपा एका डोळ्याने बघत म्हणाली. दुसऱ्यावर पट्टी होती. डोळ्याला धक्का बसू द्यायचा नाही, डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं.

नोरलैलाला तिथंच सोडून दोघी निघाल्या. शहर सुटेपर्यंत चार जणांनी हॉर्न मारले. एका मोटारसायकलवाल्याने खिडकीशी येऊन शिवी घातली. रोहायू गिळून पुढे गेली. पामच्या बागा लागल्या, रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंना खोल गटार. एक वाजत आला होता. ही बहारिनची जेवायला घरी जायची वेळ, हे तिच्या लक्षात आलं.

मागे लॉरी आली. अप्पर-डिप्पर. आरशात नुसता बंपर दिसत होता. मग भोंगा वाजला, तीन सुरांचा.

ओपाने मान वळवली नाही. "हा माझ्या पोराचा भोंगा."

"हो."

"मग थांब ना कडेला."

"कडेला गटार आहे, ओपा."

रोहायूने काच खाली करून हात बाहेर काढला, हलवला. त्याला तो उद्धटपणा वाटला असणार. भोंगा आणखी लांबला. पुढे पूल दिसू लागला. आता तो काय करणार, हे तिच्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या माहितीचा तिला काडीचा उपयोग नव्हता. तिने वेग कमी केला. तो उजवीकडून घासत पुढे आला आणि झटकन डावीकडे वळला.

पुढचं चाक गटारात गेलं. ओपाचं डोकं समोर आदळलं. लॉरी थांबली नाही. शेजारच्या सीटवरून मागे वळून बघणारंही आज लॉरीत कुणी नव्हतं.

"पट्टीखाली ओलं लागतंय गं," ओपा म्हणाली.

ओढणीचं टोक पट्टीवर दाबून धरत रोहायूने फोन लावला. पलीकडे इंजिनाची घरघर होती.

"अहो, एका लॉरीने आम्हाला गटारात घातलं. ओपाच्या डोळ्यातून रक्त येतंय."

"कुठल्या हरामखोराने?" तो ओरडला. "सोडत नाही त्याला. नंबर घेतलास का?"

"पाठच आहे," ती म्हणाली, आणि अकरा वर्षं तिच्या दारात उभ्या राहणाऱ्या लॉरीचा नंबर तिने एकेक आकडा करून सांगितला.

इंजिनाचा आवाज थांबला. मग तो हळू आवाजात काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" ओपाने विचारलं.

"विचारतायत, कुठं आहात."

"त्याला माहीत आहे," ओपा म्हणाली.