दोघांत एक नाक

लग्न झालं तेव्हा माझ्या नवऱ्याचा माझ्या माहेरच्या पिशवीशी उभा दावा होता. माझं माहेर दातिवऱ्याचं, घरची होडी. दर खेपेला आई सुकट, म्हणजे उन्हात वाळवलेला जवळा, जुन्या लुगड्यात बांधून द्यायची. मी बस बदलत कुंभवलीला आमच्या खोलीवर पोचले की हा जळगावकडचा माणूस आधी खिडक्या उघडायचा आणि मग मला 'आलीस?' म्हणायचा. पिशवी गॅलरीत जायची. मी चिडायचे. कारखान्यांच्या धुराकडे तोंड करून रोज चहा पिणाऱ्यानं माझ्या सुकटीला नाक मुरडावं म्हणजे काय!

मग त्याला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला.

सुरुवातीला मी थट्टाच केली. बरं झालं, म्हटलं, आता पिशवी घरात राहील. पण थट्टा लवकरच आटली. आमच्याकडे भाज्या तो करायचा. मोहरीनंतर जिरं कधी, लसूण कुठवर परतायचा, सगळं नाकावर. आता त्याच्या हातचं कधी कच्चं, कधी करपलेलं. त्यानं कढईला हात लावणं सोडलं, मग जेवणंही सोडल्यात जमा. औषधाची गोळी गिळावी तशी भाकरी पाण्याबरोबर गिळायचा. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर नाहीही येणार. त्याचे शर्ट ढगळ होत गेले आणि मला खरीच भीती वाटली.

म्हणून एक दिवस मी त्याला ओढून ओट्यापाशी उभं केलं. "वास मी घेते, हात तू चालव." शेजारी उभी राहून मी सांगायचे, आता जिरं टाक, लसूण अजून कच्चा हाय, थांब, थांब, हां, आता. फोडणी परत जमू लागली. पुढे पुढे मला बोलावंही लागेना. माझ्या तोंडाकडे बघून तो गॅस बारीक करायचा.

ते जमल्यावर डब्याचा फोन सुरू झाला. आम्ही दोघंही तारापूरच्या कारखान्यांत, तो एका ठिकाणी मशीनवर, मी दुसऱ्या ठिकाणी पॅकिंगला. जेवणाच्या सुट्टीत तो विचारायचा, "आज कसं लागतंय?" दोघांच्या डब्यात भाजी तीच. मी घास चावत सांगायचे, "वांगं गोडसर हाय, शेंगदाण्याचा खमंगपणा मागून येतोय." मग पलीकडून तो जेवत असल्याचा आवाज यायचा. त्याच्या सोबतचे कामगार हसायचे. एकदा फोनमधून ऐकू आलं, "अरे, खाना तू खा रहा है कि भाभी?" तो म्हणाला, "दोनों."

मला हसू आलं, पण तो शब्द दिवसभर डोक्यातून जाईना. कारण खरंच तसं झालं होतं. एकटी असतानाही मी कुठलाही वास त्याला सांगायच्या तयारीनंच घेत होते. दातिवऱ्याला गेले तर वाळत घातलेल्या मासळीपुढे उभी राहिले. त्या वासात मी जन्मले, वाढले, पण वास म्हणून तो मला कधी आलाच नव्हता. आता त्याला सांगायचं म्हणून घेतला, तर खारेपणाच्या मागं तापलेली वाळू होती, ओल्या जाळ्याचा कुबटपणा होता, थोडा गोडवाही होता. मला माझंच घर नव्यानं मिळाल्यासारखं झालं.

आई म्हणाली, "काय हुंगतेस? येडी झालीस का?"

"त्याला सांगायला लागंल."

आईनं लुगड्याची गाठ मारत विचारलं, "त्याला तर सुकट खपत नाय ना?"

"आता त्याला काय कळतंय," मी म्हटलं, आणि माझ्याच बोलण्याचं मला वाईट वाटलं.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा तो कामावरून यायचा होता. पिशवी आता गॅलरीत जात नसे, ती मी ओट्याखाली ठेवली. तो आला, चपला काढता काढता थबकला आणि थेट जाऊन त्यानं खिडकी उघडली. मग तिथंच उभा राहिला.

"सुकट आणलीस?"

माझा विश्वास बसेना. "माहेरी जाणार हे तुला ठाऊकच होतं," मी म्हटलं. "माझ्या तोंडावरून ओळखलंस."

तोही वरमला. "असेल. आता माझं कुठलं आणि तुझं कुठलं, मलाच कळत नाही."

मग मी दोन सारखे डबे घेतले. एकात सुकट, दुसऱ्यात कुरमुरे, वर फडकं. त्याचे डोळे बांधले. तरी तो म्हणाला, "तू बाहेर जा. तुझा श्वास ऐकला तरी मला समजेल." मी डब्यांची जागा बदलली आणि गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं. पूर्वी माझी पिशवी पडून असायची तिथंच. ज्याच्यासाठी देवाला हात जोडले ते आता दाराआड होतं. आणि खोटं कशाला बोलू, तिथं उभी असताना मनात आलं, याचं नाक परत आलं तर मी ओट्यापाशी काय करू?

आतून ओरडला, "डावीकडचा! डावीकडचा, आणि काय घाण मारतोय गं!"

डावीकडचाच होता. मी आत गेले तर तो डोळ्यांवरच्या पट्टीसकट रडत होता आणि डबा सोडत नव्हता. खिडकी मी लावून घेतली. तो नको म्हणाला नाही.

बाकीचे वास हळूहळू येताहेत. लसूण आला, जिरं आलं, चहा अजून अडून बसलाय. डब्याचा फोन मात्र चालू आहे. काल संध्याकाळी मी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. आतून फोडणीचा वास आला. जिरं अगदी नेमकं, कुठं म्हणून करपलेलं नाही. तरी त्याची हाक आली, "बघ गं, झालं का?"

मी कपडे तसेच खांद्यावर टाकून आत गेले, त्याच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "थांब जरा."