न हरपलेली म्हैस

नत्थूलाल पटले माझे साडू. बिरसीला त्यांची सोळा एकर धानाची शेती. २०११ च्या नोव्हेंबरात, पन्नाशी पूर्ण झाल्यावर, गोंदियाच्या डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल दोनशे ब्याण्णव निघालं. त्यांचा मोठा भाऊ एक्कावन्नाव्या वर्षी बांधावर बसल्या बसल्या गेला होता, म्हणून ते घाबरले. डॉक्टर म्हणाले, तळलेलं बंद करा, रोज पाऊण तास न थांबता चाला, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

तळलेलं त्यांच्या पत्नी धनवंताताईंनी त्याच दिवशी बंद केलं. चालणं मात्र गावानं होऊ दिलं नाही.

घरी मोटारसायकल असलेला माणूस पायी दिसला, तर त्याला आपल्या गाडीवर बसवणं हे आमच्याकडे कर्तव्य समजतात. पहिल्या दिवशी दोनशे पावलांत शेजारचा टेकचंद आडवा आला.

“काऊन पायदल जी, नत्थूभाऊ? गाडी बिघडली?”

“नाही. चालून राहिलो.”

“कुठं?”

“कुठंच नाही.”

टेकचंदनं त्यांना मागे बसवून घरी आणून सोडलं आणि धनवंताताईंना हळूच विचारलं, “वैनी, भांडण झालं का?” आठवड्यात सात जणांनी त्यांना असंच घरी पोहोचवलं. आठव्यानं, हे कुठं जायचं ते सांगतच नाहीत म्हणून, थेट तिरोड्याला नेऊन उतरवलं.

“आपल्या बिरसीच्या विमानतळावर ते विमान शिकणारे पोट्टे दिवसभर गोल फिरून तिथंच उतरतात,” नत्थूलाल मला म्हणाले. “त्यांले कोणी नाही विचारत, काऊन फिरून राहिले म्हणून.”

शेवटी त्यांनी खांद्यावर एक दावं टाकलं.

“म्हैस हरपली का?” टेकचंदनं विचारलं.

“हो.”

म्हैस शोधणाऱ्याला कोणी गाडीवर बसवत नाही. गाडीवरून नाल्यातली म्हैस दिसत नाही. खूण विचारली तेव्हा नत्थूलाल सुचेल ते बोलून गेले: डावं शिंग खाली वळलेलं, शेपटीचा गोंडा पांढरा. मग सहा आठवडे ते निवांत चालले. गावही मदतीला लागलं. एका रविवारी बावीस माणसं ती म्हैस शोधायला नाल्यानं गेली.

सातव्या आठवड्यात टेकचंदनं त्यांच्या अंगणात म्हैस आणून बांधली. डावं शिंग खाली, गोंडा पांढरा.

“घ्या. आता बसा घरी.”

“आपली नाही हे,” धनवंताताई म्हणाल्या.

“दीड महिन्यात वाळली वैनी, म्हणून ओळखू येऊन नाही राहिली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावचे यादोराव दारात उभे राहिले.

“माझी म्हैस हरपली नव्हती. तुमच्या माणसानं खुंट्यावरून सोडून नेली. मी ठाण्यात जाऊन राहिलो होतो, म्हटलं आधी तोंड तर पाहू.”

नत्थूलालनी त्यांना सगळं खरं सांगितलं. आकड्यासकट, भावासकट. यादोरावांनी म्हशीचं दावं सोडून नत्थूलालच्या हातात दिलं.

“तुमाले चालाचंच आहे ना? माझे गुडघे गेले. रोज या आणि हिले चारून आणा. नाही तर ठाणं आहेच.”

ती म्हैस एका जागी ठरत नाही. पाऊण तासाच्या जागी दोन तास होऊ लागले, आणि म्हशीसकट माणसाला गाडीवर कोणी बसवू शकलं नाही. घरी मात्र रोज ऐकावं लागे.

“सोळा एकराचा मालक लोकाची म्हैस चारून राहिला. माहेरी काय सांगू मी?”

फेब्रुवारीत आकडा दोनशे सहा आला. डॉक्टर म्हणाले, जे करता तेच पुढंही सुरू ठेवा. नत्थूलालनी ते लिहून मागितलं. डॉक्टरांनी ‘रोज चालणे’ लिहिलं. नत्थूलालनी आग्रह धरून पुढे ‘म्हशीसोबत’ लिहून घेतलं.

धनवंताताईंनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांनी यादोरावांकडे म्हशीसाठी एक पोतं सरकीची ढेप पाठवली. सोबत निरोप होता, की म्हैस आता उतारवयाची दिसते, तिला थंडीत बाहेर बांधू नका.