पाटावरचा जॅक

येऊ शकणाऱ्या संकटाची आमच्या ह्यांना फार आवड आहे. आलेलं संकट मात्र मी निस्तरते. सोलापूरच्या जुळे सोलापूर या उपनगरात फ्लॅट घेतला तेव्हा यांनी आधी गॅसगळती ओळखणारं यंत्र आणलं आणि मग खिडक्यांचे पडदे. पुढे गाडी घेतली आणि या आवडीला ऊत आला. ऑफिसला हे स्कूटरनेच जातात. गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघायची, त्यातली एकदा धुवायला.

त्या गाडीसाठी यांनी रात्ररात्र मोबाइल चाळून सामान मागवलं. बॅटरी उतरली तर जंपर केबल, गाडी ओढायला पट्टा, हवा भरायचा पंप, पंक्चर काढायचा संच, कपाळाला बांधायचा दिवा, मागच्या गाड्यांना इशारा द्यायचा लाल त्रिकोण, अंधारात चमकणारं पोपटी जाकीट, प्रथमोपचाराची पेटी आणि आतून काच फोडायची हातोडी. घरातल्या भिंतीत एक खिळा ठोकायचा झाला तरी आम्हाला माणूस बोलवावा लागतो, पण काच फोडायची हातोडी आली. जॅक लावून चाक कसं बदलायचं याचा व्हिडिओ यांनी इतक्या वेळा पाहिलाय की तो मला पाठ आहे. जॅक लावला मात्र एकदाही नाही. सगळ्या सामानाची अठरा कलमी यादी करून, ती प्लॅस्टिकमध्ये घालून, डिकीच्या झाकणाला आतून चिकटवली.

रविवारी खाली पार्किंगमध्ये यांचं व्याख्यान असायचं. डिकी उघडी, भोवती सोसायटीतले चार जण चहाचे कप घेऊन उभे, आणि हे एकेक वस्तू वर उचलून दाखवताहेत. ‘प्रवासात माणसानं स्वयंपूर्ण असलं पाहिजे,’ हे यांचं ठरलेलं वाक्य. ऐकणारे माना डोलवायचे आणि जेवणाची वेळ झाली की निघून जायचे. मी शाळेत शिकवते. खरं सांगायचं तर शाळेतल्या बायकांमध्ये मीही मिरवत होते, आमच्या गाडीत सगळं असतं म्हणून.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. माझ्या माहेरी त्या दिवशी कुऱ्हाड, कोयता, पहार, विळी असं धुऊन पुसून मांडायचे, आणि त्यातलं प्रत्येक हत्यार वर्षभर राबलेलं असायचं. आमच्या सोसायटीत पूजेला काय ठेवायचं असाच प्रश्न पडतो. कोणी लॅपटॉप ठेवतं, कोणी मिक्सर. त्या वर्षी यांनी गाडीपुढे दोन पाट मांडले आणि त्यावर डिकीतलं सगळं सामान रचलं. मधोमध जॅक, त्याच्या शेजारी चाकाचे नट काढायचा पाना, मग उतरत्या क्रमाने बाकीचं. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट, प्रत्येकावर झेंडूचं फूल. हवा भरायच्या पंपालाही हार घातला होता. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेला आणि नमस्काराच्या हातांची रांग लागली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘याला म्हणतात खरी शस्त्रपूजा.’ ह्यांची मान ताठ झाली.

आरती चालू असताना माझा फोन वाजला. थोरल्या बहिणीचा मुलगा होता.

‘मावशी, आई गेली.’

सकाळी चुलीपुढं बसल्या जागीच गेली म्हणाला. माझी ही बहीण माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई आम्हाला लवकर सोडून गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालून शाळेत पाठवलं ते हिनं. वडीलही पुढे गेले, भाऊ आम्हाला नाही. माझं माहेर म्हणजे ती आणि तिचं माहेर म्हणजे मी. करमाळ्याच्या अलीकडे एका गावात तिला दिली होती.

भाचा म्हणाला, ‘दिस मावळायच्या आत उचलायचं हाय. तू माहेरची साडी घिऊन ये.’

आमच्याकडे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला माहेरची साडी नेसवूनच उचलतात. शेवटची साडी माहेरच्या माणसाने आणायची आणि त्याच्या देखत नेसवायची. तिच्या माहेरचं माणूस मी एकटीच उरले होते. दिवाळीला तिला द्यायची म्हणून घेतलेली हिरवी इरकल कपाटात होती. तीच पिशवीत घातली, चोळीचा खण घातला आणि खाली आले.

खाली यांनी गाडीला घातलेले हार काढून बाजूला ठेवले होते. पाट तसेच होते. मी म्हटलं, ‘अहो, ते सामान घाला गाडीत.’

‘आज नाही हलवायचं,’ हे म्हणाले. ‘पूजेतली हत्यारं उद्या उत्तरपूजा झाली की उचलायची. आणि गाडीच्या कंपनीची सेवा आहेच की. एक फोन केला की माणूस हजर.’

शेजारच्या गृहस्थांनी दुजोरा दिला. ‘काही होत नाही हो वहिनी. आत्ताच तर गाडीची पूजा झाली.’

मी पुन्हा बोलले नाही. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि यांचं कधी असतं ते मला ठाऊक नाही. सव्वाबाराला निघालो. तीन तासांचा रस्ता. अंधार पडायला सहा वाजणार होते, म्हणजे हातात भरपूर वेळ होता.

टेंभुर्णी सोडून करमाळ्याच्या रस्त्याला लागलो आणि थोड्याच वेळात मागून फटफट आवाज यायला लागला. उतरून पाहिलं तर डावीकडचं मागचं चाक बसलेलं, आणि टायर कडेला बोटभर फाटलेला. सव्वादोन वाजले होते. दोन्ही बाजूंना ऊस, डोक्यावर ऊन, आणि गाव तिथून पाऊण तासावर.

यांनी डिकी उघडली. स्टेपनी होती, हवा भरलेली, जमिनीला एकदाही न टेकलेली. तिच्याखेरीज डिकीत ते पोपटी जाकीट होतं, कारण कापडाला हत्यार म्हणता येत नाही म्हणून ते पूजेला बसलं नव्हतं. आणि झाकणावर यादी होती. हे यादीसमोर उभे राहून वरपासून वाचायला लागले. ‘जॅक... पाना...’ अठराव्या कलमापर्यंत वाचली. माणूस धक्क्यात काय करेल सांगता येत नाही, पण इतका मूर्खपणा मी आयुष्यात पाहिला नाही. मग यांनी ते जाकीट अंगात घातलं, भर दुपारी, आणि कंपनीला फोन लावला.

फोनवरच्या मुलीने आधी अभिनंदन केलं, आमची सेवा अजून चालू आहे म्हणून. मग जवळची खूण विचारली. ‘ऊस आहे,’ हे म्हणाले. तिने आणखी एखादी खूण विचारली. यांनी इकडंतिकडं पाहून सांगितलं, ‘पलीकडे पण ऊस आहे.’ शेवटी मोबाइलवरून जागा पाठवली. माणूस सोलापुरातून निघेल, साधारण दीड तास, असं उत्तर आलं. आम्ही नुकतंच ज्या सोलापुरातून आलो होतो, जिथे पाटावर आमचा जॅक झेंडूखाली बसला होता, तिथूनच.

इतक्यात मेंढरांनी भरलेलं एक पिकअप येऊन थांबलं. चालवणारा पन्नाशीचा, डोक्याला फेटा, शेजारी त्याची बायको, तिच्या मांडीवर कोकरू. तो उतरला, चाकाकडे पाहिलं आणि काही न विचारता स्वतःचा जॅक काढून लावला. गाडी वर झाली. मग त्याने पाना नटाला लावून पाहिला. दोनदा, तीनदा.

‘आमचा पाना मोटा हाय, सायेब. तुमच्या नटाला बसंना. तुमचा पाना कुटं हाय?’

‘घरी,’ हे म्हणाले.

‘घरी?’

‘पूजेला ठेवलाय. खंडेनवमी ना आज.’

तो मेंढपाळ हसला नाही. त्याच्या तोंडावर जे होतं ते हसण्यापेक्षा वाईट होतं. तो म्हणाला, ‘म्होरल्या फाट्यावर पंक्चरवाला हाय. लावून देतो त्याला, अर्ध्या तासात यील.’

‘नको नको,’ हे घाईने म्हणाले. ‘बाहेरच्यानं हात लावला की वॉरंटी जाते. कंपनीचा माणूस निघालाय.’

चाकाची वॉरंटी. माझी बहीण अंगणात पडली होती आणि या माणसाला वॉरंटी सुचत होती. मी काही बोलणार तोच मेंढपाळ माझ्याकडे वळला. माझे डोळे त्याला दिसले असावेत. ‘ताई, मयताला निघालाय काय?’

‘व्हय,’ मी म्हटलं. किती वर्षांनी माझ्या तोंडून व्हय आलं होतं.

‘मग तुमी तरी चला की. केबिनमदी जागा हाय. आमी तिकडंच चाललोय. सायेब येतील मागनं.’

त्याची बायको कोकरू पोटाशी धरून आत सरकली आणि तिने माझ्यासाठी जागा केली. मला एवढंच करायचं होतं, की पिशवी घ्यायची आणि चढायचं. साडेतीनला मी बहिणीच्या दारात असते.

इथे सगळा राग ह्यांच्यावर ढकलता आला असता तर बरं झालं असतं. मेंढरांचा वास नाकात बसला होता. अंगावर मी चांगली साडी नेसले होते. आणि माझ्या डोळ्यांपुढे बहिणीचं अंगण आलं. सगळी भावकी बसलेली, आणि सोलापूरची मास्तरीण, गाडीवाली धाकटी, मेंढरांच्या गाडीतून उतरतेय. लग्नानंतर पंचवीस वर्षं त्या गावात मी नीटनेटकी उतरत आले होते. दीड तास तर म्हणतात, चारपर्यंत माणूस येईल, पाचपर्यंत पोचू, असा हिशेब मी मनात केला.

‘नको दादा,’ मी म्हटलं. ‘येतीलच आता.’

‘बगा,’ तो म्हणाला. आमची गाडी हळू खाली उतरवून त्याने जॅक काढून घेतला आणि गेला. ह्यांनी त्याचे आभारही नीट मानले नाहीत. मी तरी कुठं मानले.

मग आम्ही बसलो. मोबाइलच्या नकाशावर कंपनीच्या माणसाची इवलीशी गाडी दिसत होती. ती मोहोळपाशी बराच वेळ थांबली. हे दर पाच मिनिटांनी मला तिची हालचाल सांगत होते. आपण घरचे पोहे खाऊन निघालो ते बरं केलं, असंही एकदा म्हणाले. साडेतीनला भाच्याचा फोन आला, ‘मावशी, कुटवर आलीस?’ साडेचारला पुन्हा आला. मी दोन्ही वेळा सांगितलं की पोचतेच आहे. पाच वाजता तो म्हणाला, ‘मावशी, लोकं थांबंनात गं. गावाला जायचंय त्यांना.’ मी त्याला आणखी थोडं थांबायला सांगितलं. तो म्हणाला, ‘बगतो.’

कंपनीचा माणूस सहाला आला. चाक बदलायला त्याला सात मिनिटं लागली. हात पुसत त्याने विचारलं, ‘साहेब, गाडीबरोबर पाना मिळतो, तो कुठंय?’ यांनी परत तेच सांगितलं, पूजेचं. त्याने मान हलवली आणि मोबाइल पुढे धरला. सेवा कशी वाटली ते तारे देऊन कळवायचं होतं. ह्यांनी पाच दिले. वर एक वाक्यही लिहिलं, तत्पर सेवा म्हणून. मी गाडीत बसून ते लिहिणं पाहत होते आणि इतका तिटकारा मला कोणाचाच कधी आला नव्हता, माझा स्वतःचा सोडून.

गावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. अंगण झाडून धुतलेलं होतं, माती अजून ओली होती. पुरुष ओढ्याकडून परतत होते. हे त्यांच्या वाटेवर उतरले आणि पहिल्याच भेटलेल्या माणसाला टायर नेमका कुठून फाटला ते हाताने दाखवायला लागले. मी पिशवी घेऊन ओसरीकडे गेले. बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. कपडे वाळत घालायच्या दोरीवर बहिणीचं रोजचं लुगडं तसंच होतं, सकाळी धुऊन टाकलेलं.

बहिणीची धाकटी जाऊ उठून माझ्याजवळ आली. घरात दोघींचं फारसं जमत नसे, हे मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं मी बहिणीची बाजू घेऊन हिला नावं ठेवली होती. तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. आतली हिरवी घडी दिसत होती. मी पिशवी पदराखाली घेतली.

‘लई वाट बगितली, ताई,’ ती म्हणाली. ‘पार सूर्य टेकस्तवर. मग काय करणार. माज्या पेटीत एक नवी हिरवी व्हती, ती नेसवली.’

मी पदराखालची पिशवी आणखी घट्ट धरली. तिला वाटलं मी रागावले. ती आणखी जवळ सरकली आणि इतरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

‘माजी म्हणून न्हाय सांगितली. कानात सांगितलं तिच्या, धाकटीनं आणलीया म्हणून.’