भिंतीबाहेरचा राग

पिकलेल्या इंद्रायणी भाताचा वास ऊन चढू लागलं की खाचरांतून उठतो आणि अंदर मावळातल्या आमच्या साऱ्या डोंगरउतारावर रेंगाळत राहतो. त्या सकाळी मात्र त्या गोडसर वासात ओल्या वाऱ्याचा गंध मिसळला होता. दिवाळी सरली होती, तरी पश्चिमेच्या कड्यावर मेघ काजळत होते. कापलेलं भात खाचरात पसरलेलं, उभं त्याहून अधिक, आणि मजूर कुठेच मिळत नव्हते. मी वडगावच्या शाळेतून रजा घेऊन दादाच्या मदतीला आले होते, कारण त्याचा उजवा हात खांद्यापासून निर्जीव होता.

ज्याच्या कोयत्याने तो हात तसा झाला, तो आमचा चुलतभाऊ सोपान समोरच्या बांधावर उभा होता. बांधाच्याच भांडणातून सारं घडलं होतं. कोर्टात त्याला शिक्षा सुनावली गेली तेव्हा मला वाटलं होतं, आता ही गोष्ट संपली; आपण करायचा तो विचार आता कायदा करील. ती शिक्षा तुरुंगात पुरी भोगून तो नुकताच गावी परतला होता.

"दादा, येऊ का?" त्याने विचारलं.

दादाने आभाळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ये," दादा म्हणाला. "पर माझ्या फुडं ऱ्हा. पाठीमागं नको."

सोपानने मान हलवली आणि विळा उचलला. तो पुढे वाकून कापत होता, मागून दादा डाव्या हाताने कापून पडलेल्या भाताचा कडपा सारखा करत होता आणि मी, भात गोळा करण्याच्या मिषाने, सोपानच्या मनगटावरून दृष्टी ढळू देत नव्हते.

भाकरी खायला बसलो तेव्हा दादानेच विषय काढला.

"तितं काय शिकवलं?"

"सुतारकाम. खुर्च्या, टेबलं करायचो."

"आन् राग?"

सोपानने घास परत भाकरीवर ठेवला. "तितं राग आला की फुडं भिंत असायची, दादा. भिंतीसंगं काय भांडणार? हितं फुडं माणूस हाय. हितं काय हुईल, मला बी ठाव न्हाई."

त्याच्या जागी दुसरा कुणी असता, तर आपण बदललो आहोत अशी शपथ घेतली असती, आणि मी ती ऐकून घेतली असती. या प्रामाणिकपणावर मात्र मी त्याच्याजवळचा विळा हळूच माझ्याकडे सरकवला. माणसाला माणसांत राहायला शिकवायचं, ते माणसांपासून दूर ठेवून, हे कसं साधत असेल?

दुपार कलली आणि वारा एकाएकी सुटला. कापलेलं भात घाईघाईने एका जागी रचून आम्ही त्यावर ताडपत्री ओढली. ती फडफडत हातांतून निसटू लागली. "दगड आना रं!" दादा ओरडला आणि उडणारी कड गुडघ्याखाली दाबायला खाली वाकला. त्या गडबडीत त्याची पाठ सोपानकडे झाली होती.

सोपान दोन्ही हातांनी एक मोठा धोंडा उचलून आला. दादाच्या वाकलेल्या मानेपाशी तो थांबला. धोंडा छातीपर्यंत उचललेला, धाप लागलेली, आणि डोळे त्या मानेवर. मला ओरडायचं होतं. पण मी ताडपत्रीची कड तेवढी घट्ट धरून राहिले.

मग तो एक पाऊल बाजूला सरला, खाली बसला आणि धोंडा ताडपत्रीच्या कडेवर अलगद टेकवला. वर पाहताना त्याची नजर माझ्या नजरेला भिडली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं, ते त्याने स्वच्छ वाचलं असावं.

दादाला यातलं काहीच कळलं नाही. तो दुसऱ्या दगडासाठी बांधाकडे गेला.

"आक्का," सोपान हळूच म्हणाला, "मी बी भ्यालो, माझ्याच हातांना."

पावसाचे टपोरे थेंब ताडपत्रीवर वाजू लागले. ही भीती त्याला त्या भिंतींनी दिली, की ती घेऊनच तो आत गेला होता, मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढंच उमगलं, की त्या क्षणी आम्ही दोघंही एकाच माणसाकडे धास्तीने पाहत होतो.